चहात काही नव्हतं

ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांच्यासाठी लिहून राह्यले. बाकीच्यांनी वाचलं तरी चालंल, फक्त वाचून झाल्यावर "अरेरे, बिचारी" म्हणू नका. त्या शब्दाचा मला लई राग येतो. मी सातवी शिकलेली बाई. माहेर कुंभार पिंपळगाव, सासर वाटूरच्या जवळ एक खेडं. बोलते तसंच लिहिते, शुद्ध-अशुद्ध तुमचं तुम्ही बघा.

मी डोक्यानं आजारी पडले. त्या आजारात मी सासूला मारलं. माझ्यावर तीनशे सात लागलं, म्हणजे जिवे मारायचा प्रयत्न. कोर्ट म्हणलं, ही बाई भानावर न्हाई, हिच्यावर खटला चालत न्हाई, आधी हिला बरी करून आणा. बरं होईपर्यंत केस बंद आणि मीबी बंद. कधी सोडणार, तर बरी झाल्यावर. बरी झाले हे कोण ठरवणार, तर ते. एवढंच माझं दुखणं होतं, बाकी सगळं त्याच्यातून निघालं.

हापशावरच्या बाया

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं असतील. माझी पोरगी रेखा बालवाडीत जायची. तिच्या पाठीवरचं बाळ सातव्या महिन्यात गेलं आणि माझी झोप उडाली. हापशावर बाया बोलायच्या ते मला घरात बसून ऐकू यायचं. हापशावर कुणीच नसलं तरीबी यायचं. "हिनंच खाल्लं लेकरू," असं त्या म्हणायच्या. मी भिंतीशी भांडायची. पेटत्या चुलीत पाणी ओतायची, कारण बाया सांगायच्या, जाळात तुझं बाळ आहे.

रेखाचे बाबा वाटूर फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवायचे. साधा माणूस. दुसऱ्याचं भांडण सोडवायला गेला तर स्वतः मार खाऊन यायचा. त्यांनी आधी लिंबू-नारळ केलं, अंगारे आणले. मंग एक दिवस "कंबर दाखवून येऊ" म्हणून मला जालन्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं कंबरेला हात लावला न्हाई. मला बाहेर बसवलं आणि ह्यांच्याशीच आत बोलला. येताना ह्यांनी रसवंतीवर रस पाजला. मी म्हणलं, चला, नवऱ्याला माया तरी आली.

डॉक्टर आत काय बोलला ते मला लई मागून कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते, तुम्ही तरी गोंधळू नका. तो म्हणला, बाई स्वतःहून गोळी घेणार न्हाई. हे पाण्यासारखं औषध आहे, वास न्हाई, चव न्हाई. रोज चहात थेंब टाका आणि तिला बिलकुल कळू देऊ नका.

पातेलं

चहा आत्याबाई करायच्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू. घरात त्या सगळ्यांच्या आधी उठायच्या. हाताला फटकळ न्हाई, तोंडाला फटकळ. पण माझं बाळ गेलं तेव्हा चार दिवस त्यांनीच माझं सगळं काढलं होतं, हे आधी लिहून ठेवते.

थोड्या दिवसांत माझी जीभ जड झाली. मान एका बाजूला ओढायची. हात असे थरथरायचे की बांगड्या आपोआप वाजायच्या. मी कुणाला सांगू? मला वाटलं, विष घालून राह्यलेत. मी स्वतःची भाकर स्वतः थापायला लागले. पाणी स्वतः आणून प्यायची. राह्यला तो फक्त सकाळचा चहा, कारण डोळा उघडायच्या आत तो समोर यायचा.

मंग एका सकाळी मी हापशावरून कळशी घेऊन जल्दी आले. आत्याबाई चुलीपुढं, माझ्याकडं पाठ. माझा कप त्यांच्या हातात, आणि वर एक छोटी बाटली उलटी धरलेली. पुटपुटत थेंब मोजत होत्या. मी कळशी खाली ठेवली. त्यांनी दचकून बाटली पदरात घेतली.

"काय घातलं?"

"काही न्हाई गं, साखर."

"साखर बाटलीत असती का, आत्याबाई?"

"चहा पी आधी. गार होईल."

मी उकळत्या चहाचं पातेलं त्यांच्या अंगावर फेकलं आणि खलबत्त्यातला बत्ता उचलला. लोक म्हणतात असल्या वेळचं काही आठवत न्हाई. मला सगळं आठवतं. त्यांनी हात वर केला न्हाई. "चंद्रकला, अगं लेकरू बघतंय," एवढंच म्हणल्या. रेखा उंबऱ्यात उभी होती. आत्याबाईंचा डावा डोळा गेला.

हे मी केलं. आजारी होते, पण हात माझा होता.

भीती

फिर्याद आत्याबाईंच्या भावानं दिली. पोलीस यायच्या आधी गावातला एक कायद्याचं कळणारा माणूस रेखाच्या बाबांना कोपऱ्यात घेऊन गेला. म्हणला, "बायकोला न सांगता औषध घातलं म्हणजे विषप्रयोग होतो. डॉक्टर हात वर करील. तू आणि तुझी आई दोघंबी आत जाल. पोरीला कोण बघंल?" कायदा तसा हाय की न्हाई देव जाणे, पण त्या साध्या माणसाला ते बराबर वाटलं. त्यांनी बाटली आणि डॉक्टरची चिठ्ठी विहिरीत टाकली. आईला सांगितलं, काही घातलं न्हाई म्हणायचं, कुठल्या डॉक्टरला दाखवलं न्हाई म्हणायचं. आत्याबाई तेव्हा दवाखान्यात, डोक्याला पट्ट्या. त्यांनी मान हलवली.

मला मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं. तरुण होते, आवाज मवाळ. का मारलं, विचारलं. मी म्हणलं, "माझ्या चहात औषध घालत होत्या, साहेब. मी डोळ्यांनी बघितलं." त्यांनी रेखाच्या बाबांना विचारलं, "असं काही होतं का?"

"न्हाई, साहेब."

संपलं. सरकारी डॉक्टरनं तपासलं आणि कागदावर लिहिलं की घरचे खाण्यापिण्यात काहीतरी मिसळतात असा हिला भ्रम आहे. हापशावरच्या बाया मला ऐकू येतात हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. जे खोटं होतं ते मी लपवलं आणि जे खरं होतं ते त्यानं आजार म्हणून लिहून घेतलं. अगं बाई, आता हसू येतं. तेव्हा मी कोर्टाच्या फरशीवर डोकं आपटून घेतलं, आणि ते माझ्याच विरोधात गेलं.

मोठं हॉस्पिटल

येड्यांच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायला दोन लेडीज कॉन्स्टेबल होत्या. लांबचा एसटीचा प्रवास, माझ्या हाताला दोरी. एका स्टॅंडवर त्यातल्या थोरलीनं दोरी सोडली आणि भज्यांचा कागद पुढं केला. "खा बाई. पळणार असशील तर खाऊन पळ." मी खाल्लं. त्या प्रवासात मला माणूस म्हणून वागवणारी तेवढी एकच भेटली.

तिथं केस बारीक कापले, उवांसाठी. आंघोळ रांगेत, नळीनं. जेवणाची घंटा, गोळ्यांची घंटा, झोपायची घंटा. कोंडून ठेवलेल्या माणसाचा दिवस कसा जातो ते दावणीच्या जनावरालाच ठाऊक असंल.

पहिल्या दिवशी सुई आणली. मी विचारलं, "काय हाय त्यात?"

वॉर्डातली मावशी म्हणली, "औषध."

"कशाचं?"

"हात दे."

"नाव सांगा, मंग देते."

चार जणींनी धरलं. एकीचा गुडघा पाठीत. मी शिव्या दिल्या त्या इथं लिहीत न्हाई, माझी पोरगी वाचंल. मी मारलं होतं, मला मान्य आहे, धरावं लागलं असंल. पण घरी न सांगता चहात घातलं, इथं न सांगता दंडात घातलं. मी एकच म्हणत होते, काय घालता ते तोंडानं सांगा. जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा धरलं. पुढं पुढं मी सुईची घंटा झाली की स्वतःच पालथी पडायची. त्यांनी लिहिलं, सहकार्य करते.

आता दुसरी बाजूबी सांगते, न्हाईतर मी खोटी ठरेन. त्या औषधानं मला गुण आला. काही महिन्यांनी एक दिवस पाणी भरताना माझ्या ध्यानात आलं की बाया बोलत न्हाईत. कुणीच बोलत न्हाई. मी हंडा तसाच सोडून बसले आणि पहिल्यांदा मला बाळासाठी दुःख झालं, सरळ, साधं, आईला होतं तसं. आत्याबाईंचा डोळाबी तेव्हाच मला पूर्ण कळला. म्हणून औषध वाईट म्हणणाऱ्यांत मी न्हाई. पण लाळ गळायची. पाय थांबायचे न्हाईत, व्हरांड्यात येरझारा घालून टाचा फुटल्या. तक्रार केली की म्हणायचे, अजून अस्वस्थ दिसते.

फातिमाबी

माझ्या शेजारच्या खाटेवर फातिमाबी. केदारखेड्याकडची. कुठल्याशा केसमध्ये आल्ती, केसचं काय झालं तिलाच माहीत नव्हतं. कधीच बरी झाली होती बाई, माझ्यापेक्षा शहाणी होती, पण न्यायला कुणी येत नव्हतं आणि कोर्टानं बोलावलं नव्हतं. माझ्या खुरट्या केसांना ती कुठूनसं खोबरेल आणून चोळायची.

कोर्टाच्या पेशंटला डॉक्टर महिन्यातून कधीतरी बोलवायचे. नाव काय, वार कोणता, मारलं का, जज्ज म्हणजे काय, वकील म्हणजे काय. सगळं मी बराबर सांगायची. शेवटचा प्रश्न ठरलेला. "चहात काय होतं?"

"औषध होतं, साहेब."

पेन खाली यायचं. अजून फिट न्हाई, म्हणजे खटल्याला उभी करण्याइतकी बरी न्हाई.

फातिमाबी मला म्हणायची, "अगे, सच बोलको क्या मिला तेरे कू? सुई. झूठ बोल, घर जा."

"पण मी बघितलंय, फातिमाबी."

"मालूम है मेरे कू. मैं क्या जज्ज हूँ?"

त्या जागेत माझं म्हणणं खरं मानणारं माणूस एकच होतं, आणि तिचं कोण ऐकणार!

मंग रेखाचे बाबा भेटायला आले. राजगिऱ्याचे लाडू आणलेले. मावशीनं एकेक फोडून तपासला. ते मान खाली घालून बसले. रेखा शाळेत जाती म्हणले. मी विचारलं, माझं नाव काढती का? ते म्हणले, "माझ्या आईलाच आई म्हणती आता."

मी हळूच म्हणलं, "एक खरं सांगा. मला बाकी काही नको. चहात घालत होतात ना?"

त्यांनी दाराकडं बघितलं. दारात मावशी उभी. "न्हाई गं," म्हणले आणि ढसाढसा रडायला लागले. मला वाटलं, बायको येडी म्हणून रडून राह्यलेत.

पुढच्या बोलावण्याला डॉक्टरनं विचारलं, "चहात काय होतं?"

"काही नव्हतं, साहेब. माझा वहम होता."

डॉक्टर पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. "शाब्बास. आता सुधारणा आहे." आणि लिहायला लागले.

फातिमाबीनं त्या दिवशी माझ्या पाठीवर हात फिरवला. मी फिट म्हणून कागद झाला आणि तारखेपर्यंत मला जेलात हलवलं. जाताना ती गेटपर्यंत आली न्हाई, येऊ देत नव्हते. तिचं पुढं काय झालं मला कळलं न्हाई. मी विचारायला गेले न्हाई, तिकडं पाऊल टाकायची हिंमत न्हाई.

खरं मरतं कसं

हे कुणी लिहीत न्हाई म्हणून लिहिते. खोटं एकदा बोलून भागलं न्हाई. दर खेपेला बोलावं लागलं, आणि तोंड सरळ ठेवून, मनापासून. काही नव्हतं. काही नव्हतं. जेलात बसून बसून मी ती सकाळ पुन्हा बघायची, तर आत्याबाईंच्या हातात कधी बाटली दिसायची, कधी साखरेचा डबा. अरे देवा! माझं मलाच कळंना. बायांचे आवाज मला किती खरे वाटायचे! ते खोटे निघाले, मंग बाटली खरी कशावरून?

शेवटी मी मानलं. खरंच मानलं. मला फिट करताना माझ्या हातातलं एकुलतं एक खरं त्यांनी काढून घेतलं, आणि मी ते हात जोडून दिलं. असा हताशपणा मला आजारातबी आला नव्हता. आजारात निदान मी भांडत होते.

कोर्ट

जालन्याला सेशन कोर्टात तारीख लागली. मला सरकारी खर्चानं दिलेली एक वकीलबाई होती, तरुण, चांगली. ती म्हणली, "ताई, एक ध्यानात ठेवा. आत ओरडायचं नाही, रडायचं नाही, मधे बोलायचं नाही. तुम्ही हललात की सरकारी वकील म्हणणार ही फिट नाही, आणि परत तिकडं."

कोर्टाच्या व्हरांड्यात आत्याबाई बाकावर बसल्या होत्या. डोळ्यावर पांढरट पडदा. मी पोलिसांच्या मधून सुटून त्यांच्या पाया पडले.

"माफ करा, आत्याबाई. मला वहम झाल्ता. तुम्ही काहीच घातलं नव्हतं चहात. मी उगाच तुमच्यावर आळ घेतला."

त्या माझ्याकडं बघत राह्यल्या. "तुला असं वाटतं?"

"वाटत न्हाई, खरंच तसं हाय. डॉक्टरांनी समजावलं मला. काही नव्हतं."

रेखाचे बाबा मधे आले. "आई, चल आत. गप ऱ्हा."

आत्याबाई उठताना एवढंच म्हणल्या, "काय केलं रे आपण हिचं."

आत आत्याबाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राह्यल्या. सरकारी वकिलानं विचारलं, "आरोपीनं तुम्हाला काही कारण नसताना मारलं, हे खरं आहे?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यानं परत विचारलं.

"कारण होतं," आत्याबाई म्हणल्या.

"काय?"

"मी तिच्या चहात बाटलीतलं औषध घालत होते. रोज. डॉक्टरनं सांगितलं म्हणून. तिला सांगितलं न्हाई. तिनं बघितलं, विचारलं, तर मी साखर म्हणले." मंग जज्जसाहेबांकडं वळल्या. "मला धरायचं तर धरा, साहेब. पण ती खोटं बोलत नव्हती. पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होती."

रेखाच्या बाबांनी कपाळावर हात मारला. बाटली होती. मी बघितलं ते होतं! माझ्या पोटातून एक आवाज वर आला, तो रडण्याचा होता का आनंदाचा, मला सांगता येणार न्हाई. मला ओरडायचं होतं, लिहा, लिहून घ्या, सगळ्यांना सांगा, त्या मॅजिस्ट्रेटला सांगा, त्या डॉक्टरला सांगा, फातिमाबीला सांगा. मी उभी राह्यले. कॉन्स्टेबलनं दंड धरला.

सरकारी वकील लगेच म्हणला, "साहेब, आरोपीची अवस्था बघा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वकीलबाईचा चेहरा पांढरा पडला. जज्जसाहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही ठीक आहात ना? कार्यवाही थांबवायची का?"

मी पदराचा बोळा तोंडात धरला. दातांत. आवाज खाली ढकलला. मंग पदर काढला, हात जोडले.

"मी ठीक हाय, साहेब. चालू द्या."

आणि खाली बसले. माझ्या आयुष्यात मला खरी ठरवणारं एकच वाक्य कुणी बोललं, आणि त्याला मी तोंडातून चकार शब्द काढला न्हाई. तेवढ्यानं मी फिट ठरले.

घरी

निकाल नंतर लागला. मारलं हे खरं, पण तेव्हा भान नव्हतं, म्हणून शिक्षा न्हाई. तरी अशा माणसाला कायदा एकदम सोडत न्हाई. एकतर सरकारी बंदोबस्तात, न्हाईतर घरच्या कुणाच्या तरी जिम्मेदारीवर. जज्जसाहेबांनी विचारलं, कोण नेणार? माझा भाऊ आला नव्हता. रेखाचे बाबा पायाच्या बोटांकडं बघत होते.

"मी नेते," आत्याबाई म्हणल्या.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती की. तिलाबी माझी वाटती. बघू."

आत्याबाईंवर विषप्रयोगाची केस वगैरे काही झाली न्हाई. कुणी विचारलंसुद्धा न्हाई. त्या न झालेल्या केसला घाबरून आमचं घर मोडलं.

मी आजबी गोळ्या घेते. स्वतःच्या हातानं, नाव वाचून. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना माझं एकच सांगणं. भांडा त्याच्याशी, रडा, हात जोडा, महिनाभर मागं लागा, पण लपवून घालू नका. घातलंच असंल आणि त्यानं विचारलं, तर साखर म्हणू नका.

घरी पोहोचलो तेव्हा रेखा शाळेत होती. रेखाचे बाबा सामान ठेवून दुकानाकडं निघून गेले, माझ्याकडं बघवंना त्यांना. आत्याबाईंनी दार लोटलं, मला भिंतीला टेकून बसवलं आणि पुढं बसल्या.

"आता रड," म्हणल्या. "कोर्टात बघितलं मी तुला, पदर चावताना. इथं कुणी लिहून घेत न्हाई. रड काय रडायचं ते."

मी लई केलं. रडूच येईना. मंग आत्याबाईच रडायला लागल्या, आधी हळू, मंग मोठ्यानं, गळा काढून. मी पुढं सरकून त्यांच्या तोंडावर हात दाबून धरला.

"हळू, आत्याबाई," मी म्हणलं. "कुणी ऐकलं तर नेतील तुम्हाला."